पहिल्यांदाच संगीत महोत्सवाच्या देणग्या गोळा करताय? मग हे वाचा

अरे घाबरू नकोस, पहिल्या वर्षी सगळ्यांचीच धांदल होते. मोठ्या कंपन्या आत्ता सोड, गावातले डॉक्टर, सराफ, जुने रसिक असे पंचवीस-तीस जण गाठ, आणि व्हॉट्सअॅपवर पत्रिका ढकलून नाही, घरी जाऊन, चहा घेऊन, कलाकारांचं मानधन किती नि साउंडवाल्याचं किती ते सरळ सांगून.

नेहमीच्या चुका:
- संस्थेकडे ८०जी (देणगीवर करसवलतीसाठी आयकर खात्याची मान्यता) असेल तर २,००० च्या वर रोख घेऊ नकोस, देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. चेक किंवा यूपीआय.
- स्मरणिकेतली नावं तीनदा तपास. आम्ही एकदा चांगल्या हयात काकांच्या नावापुढे 'कै.' छापलेलं, अजून ऐकवतात!
- तानपुरे लागल्यावर सत्कार, भाषणं अजिबात नकोत, प्रायोजक कितीही मोठा असो.

आणि कार्यक्रम झाल्यावर आठवडाभरात पावती नि दोन फोटो स्वतः नेऊन दे. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी) वगैरे पुढच्या वर्षी बघू.