वाचक विचारतात : वर्गात मुलं किती, विशेष शिक्षक किती?

शाळा सुरू झाल्या की या विषयावरची पत्रं वाढतात. त्यातली चार इथे घेतली आहेत.

आमच्या सरकारी प्राथमिक विद्यालयात पहिली ते चौथी मिळून २२ मुलं आहेत. दोन शिक्षकांपैकी एकाची बदली झाली, ती जागा अजून रिकामीच आहे. तीन मुलं विशेष गरजांची आहेत. 'पट कमी, एक शिक्षक पुरे' असं आम्हांला सांगितलं जातं. हे खरं का?
— शिक्षिका, डिचोली

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक सांगितले आहेत. मुलं २२ असोत वा १२, शिक्षक दोनच. ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. शिवाय कलम २६ प्रमाणे कोणत्याही शाळेत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त जागा रिक्त ठेवता येत नाहीत. तुमच्याकडे निम्मी पदं रिकामी आहेत. अर्जात हीच दोन वाक्यं आधी लिहा, बाकीची हकिकत नंतर.

विशेष शिक्षकांचं प्रमाण २०२२ मध्ये त्याच परिशिष्टात आलं : पहिली ते पाचवीत दर १० दिव्यांग मुलांमागे एक, सहावी ते आठवीत दर १५ मागे एक. तीन मुलांवर पूर्णवेळ माणूस मिळणार नाही. आसपासच्या शाळा एकत्र धरून फिरता विशेष शिक्षक मागावा लागेल. इथे गोव्यात एक गोष्ट हमखास निसटते. आपल्याकडे पाचवी बहुतेक ठिकाणी माध्यमिक शाळेच्या इमारतीत भरते, म्हणून तिथली मुलं नकळत १५ च्या हिशेबात ढकलली जातात. प्रमाण इयत्तेवर ठरतं, इमारतीवर नाही.

खरी अडचण मात्र युडायस प्लसच्या (शाळांची आणि मुलांची सरकारी ऑनलाइन नोंद) माहितीत असते. दिव्यांगत्वाचा दाखला नाही म्हणून विशेष गरजांचा रकाना कोरा ठेवला की खात्याच्या लेखी ते मूल नसतंच, आणि नसलेल्या मुलासाठी पद कोण मंजूर करणार? यूडीआयडीचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन करून घ्या, पण तपासणीला वेळ लागतो हे पालकांना आधीच सांगा. अध्ययन-अक्षमतेचा दाखला तर साधारण आठव्या वर्षाआधी मिळतच नाही. त्यामुळे पहिली-दुसरीच्या मुलांच्या वर्गनोंदी ठेवा : काय वाचता येतं, कुठे अडतं, कोणत्या तारखेला पाहिलं.

मग शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, शिक्षकांची गरज शाळा विकास आराखड्यात घाला (कलम २२), आणि ठरावाची प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या. दुसरी प्रत पर्वरीला शिक्षण संचालनालयात. उत्तर आलं नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकारात विचारा : मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून. मुदत ३० दिवसांची. 'शिक्षक का देत नाही' असं विचारू नका. 'का'ला उत्तर देणं बंधनकारक नाही, कागदावरची माहिती देणं आहे.

आम्ही अनुदानित हायस्कूलमधले शिक्षक. संघटनेचं मागणीपत्र तयार करतो आहोत. अमेरिका-कॅनडात शिक्षक संघटना करार करून वर्गाची मर्यादा आणि विशेष शिक्षकांची संख्या बांधून घेतात, तसं इथे करता येईल का?
— फोंडा

तसाच्या तसा करार नाही. औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक 'कामगार' नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला, आणि ते प्रकरण गोव्यातल्याच एका शिक्षिकेचं होतं. त्यामुळे कारखान्यातली युनियन मालकाशी समझोता करते आणि तो कायद्याने बांधतो, ती वाट त्या कायद्यातून शिक्षकांना मिळाली नाही. तुमच्या हाती उरतात ती खात्याची परिपत्रकं, सह्या झालेली बैठकीची इतिवृत्तं आणि वर सांगितलेलं परिशिष्ट. तोंडी आश्वासन धरूच नका.

बाहेरच्या करारांतून घेण्यासारखं मात्र बरंच आहे, आणि ते मर्यादेच्या आकड्यात नाही. मर्यादा मोडली तर काय होणार, हे लिहून ठेवण्यात आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००२ साली सरकारने कायदा करून शिक्षकांच्या करारातली वर्गसंख्येची आणि वर्गरचनेची (एका वर्गात विशेष गरजांची मुलं किती) कलमंच काढून टाकली. संघटना कोर्टात गेली आणि १० नोव्हेंबर २०१६ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली. २०१७ च्या समझोत्यात जुनी कलमं परत आलीच, शिवाय भरपाईचं सूत्र आलं : महिन्याला १८० मिनिटं, गुणिले शिक्षकाच्या कामाचा अंश (पूर्ण वेळ त्याच वर्गावर असेल तर १), गुणिले मर्यादेवरची मुलं. यात 'मर्यादेवरची मुलं' म्हणजे पटाने जास्त अधिक वर्गरचनेने जास्त. समजा पूर्णवेळ शिक्षकाच्या वर्गात पटाने दोन मुलं जास्त आहेत आणि विशेष गरजांचं एक मूल ठरल्यापेक्षा जास्त. १८० × १ × ३ म्हणजे ५४० मिनिटं, महिन्याला नऊ तास. ते तयारीचा वेळ म्हणून घ्या, नाहीतर तेवढ्या वेळापुरता वर्गात दुसरा शिक्षक घ्या. मर्यादा मोडण्याला किंमत लागली की ती मोडण्याआधी कोणीतरी विचार करतं.

उलट उदाहरण लॉस एंजेलिसचं. तिथे करारात वर्गाची मर्यादा होती, पण आर्थिक अडचण दाखवून ती बाजूला ठेवायची मुभा देणारं कलमही होतं. जानेवारी २०१९ च्या संपात शिक्षकांनी तेच कलम काढायला लावलं. तुमच्या मसुद्यात 'शक्यतो', 'परिस्थितीनुसार', 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे शब्द शिरले तर तुमचीही तीच गत होईल. खात्याकडून मसुदा परत आला की आधी हे शब्द शोधा.

मागणीपत्रात आमच्या मते एवढं तरी हवं. मुलं कोणत्या तारखेला मोजायची. मर्यादा ओलांडल्यावर किती शालेय दिवसांत दुरुस्ती करायची (पंधरा मागा, तीस मान्य करा). तोवर वर्गशिक्षकाला आठवड्याला किती मोकळ्या तासिका. विशेष शिक्षक रजेवर किंवा निवडणुकीच्या कामाला गेल्यास बदली कोण. आणि विशेष शिक्षकावरचा भार मुलांच्या संख्येने मोजायचा की कामाच्या तासांनी. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत रिसोर्स शिक्षकाला (तिथला विशेष शिक्षक) जास्तीत जास्त २८ मुलं, अशी डोकी मोजणारी मर्यादा आहे. पण आठवड्याला एक तासिका लागणारी २८ मुलं आणि रोज लागणारी २८ मुलं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून दोन्ही मोजमापं लिहा.

एक सावधगिरी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांतली व्यवस्थापन समिती फक्त सल्लागार आहे. तिचा ठराव जोडा जरूर, पण भिस्त ठेवा ती मुख्याध्यापक आणि संस्थेच्या सहीच्या प्रस्तावावर. पदाचा प्रस्ताव संस्थेकडूनच जायचा असतो, आणि पुष्कळदा तो पाठवलेलाच नसतो. आधी त्याचा जावक क्रमांक मागा.

मी कंत्राटी विशेष शिक्षिका. पाच शाळा, ३१ मुलं : पहिली ते पाचवीची १९, सहावी ते आठवीची १२. प्रवास वजा जाता आठवड्याला २८ तासिका हाती उरतात. कामाचा हिशेब कसा मांडू? कायम होण्याची काही आशा?
— सांगे

१९ भागिले १० म्हणजे १.९, १२ भागिले १५ म्हणजे ०.८. बेरीज २.७. तुम्ही एकट्या जवळजवळ तिघांचं काम करता, हे एका ओळीत लिहून द्या. त्याखाली तासिका मांडा. प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा वेगळं बसवायचं तर ६२ तासिका लागतात. तीन-तीनचे गट केले तर कागदावर ११ गट, २२ तासिका, आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखडे, पालकभेटी, वर्गातली मदत यांना सहा. हे गट प्रत्यक्षात जुळत नाहीत, कारण मुलं पाच ठिकाणी विखुरलेली. एका शाळेत ऐकू न येणारं मूल आणि स्वमग्न मूल, दोघंच असली तरी त्यांचा गट होत नाही. म्हणून शाळावार तक्ता करा : मूल (नाव नको, क्रमांक), अक्षमतेचा प्रकार, लागणाऱ्या तासिका, मिळालेल्या तासिका. शेवटच्या दोन रकान्यांतली तफावत हीच तुमची मागणी. तक्त्यावर दर महिन्याला त्या-त्या मुख्याध्यापकांची सही घ्या. वर्षाअखेरीस एकदम मागितल्या तर सह्या मिळत नाहीत.

कायम होण्याबद्दल : ७ मार्च २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना विशेष शिक्षकांची पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं. आधीपासून कंत्राटावर असलेल्यांची छाननी समितीने करायची आहे. तीत दिव्यांग आयुक्त, शिक्षण सचिव आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा प्रतिनिधी असतो. छाननीत पहिल्यांदा पात्रता आणि परिषदेची नोंदणी बघतील, तेव्हा नोंदणीची मुदत आजच तपासा. नूतनीकरणाला प्रशिक्षणाचे गुण लागतात, ते एका आठवड्यात जमत नाहीत. सगळी नेमणूकपत्रं तारखांच्या क्रमाने लावा आणि दोन कंत्राटांमधल्या खंडाचं कारण लेखी घेऊन ठेवा.

शाळा म्हणते, मुलासाठी 'शॅडो टीचर' (वर्गात त्याच्या शेजारी बसून मदत करणारी व्यक्ती) तुम्हीच पगार देऊन आणा, नाहीतर घरी ठेवा. करावं काय?
— पालक, पेडणे

घरी ठेवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या (२०१६) कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाला लागणारा वैयक्तिक आधारही द्यायचा आहे. शाळेचं म्हणणं लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो. लेखी दिलंच, किंवा द्यायला नकार दिला, तर तारीखवार तक्रार आधी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि मग राज्य दिव्यांग आयुक्तांकडे करा. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधितांना तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते, किंवा शिफारस का मानली नाही ते सांगावं लागतं. तक्रारीला दाखल्याची किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत आणि शाळेच्या डायरीतल्या शेऱ्यांच्या झेरॉक्स जोडा.