‘पानी’ आणि ‘पाणी’

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, “मुलं वाचतच नाहीत हो!” कधी आई म्हणते, कधी बाबा, पण सगळ्यांत जास्त वेळा शिक्षक म्हणतात. सुरुवातीच्या काळात मीही त्यांच्या सुरात सूर मिसळून मोबाइलला दोष द्यायचे. आता देत नाही. असं का, ते एका शिक्षिकेच्या अनुभवातून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना सुजाताताई म्हणू.

सुजाताताई ऐरोलीच्या बाजूला एका शाळेत सहावीला मराठी शिकवतात. झोप लागत नाही म्हणून त्या माझ्याकडे आल्या. दोन भेटींनंतर उलगडलं की झोप उडते ती नेमकी बुधवारी रात्री, कारण गुरुवारी वाचनाचा तास असतो.

“काय करायचं बाकी ठेवलंय मी? वर्गात पुस्तकांची पेटी आहे. भिंतीवर तक्ता लावलाय. एक पुस्तक वाचलं की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की पेन. सहा मुली चांदण्या गोळा करतात, बाकीचा वर्ग खिडकीबाहेर बघतो.”

“त्या सहा जणी आधी वाचत नव्हत्या?”

“वाचायच्या की.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “त्यातलीच एक परवा विचारत होती, बाई, पेटीतलं सगळ्यांत पातळ पुस्तक कुठलं?”

तक्त्याचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं होतं. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांबरोबर केलेला एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असं आधी कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं रंगीत पेनांकडे इतरांपेक्षा कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र तशीच राहिली. आधी कबूल केलेलं बक्षीस असलेली गोडीही पातळ करतं. सुजाताताईंनी तक्ता त्याच आठवड्यात काढला. ते सोपं होतं.

अवघड होतं ते वेगळंच. तास कसा घेता, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “एकेकाला उभं करते. परिच्छेद वाचायला लावते. चुकला की तिथल्या तिथे सुधारते. शुद्ध वाचायलाच हवं ना!” वर्गात खाडीकाठच्या कोळीवाड्यातला एक मुलगा होता. त्याचा नंबर जवळ आला की तो पाणी प्यायला जायचा. “डोकं आहे, पण आळशी. तोंडी विचारा, सगळं येतं. पुस्तक हातात दिलं की पळाला. आणि वाचला तरी ‘पानी’, ‘डोले’, ‘काला’. वर्ग हसतो. मी तरी किती वेळा सांगू?”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत मराठीत शिकवताना फार सोयीची जाते, कारण माणसाचा हट्ट आपल्या भाषेत एका अक्षरात सापडतो. ‘मुलांनी वाचावं’ ही इच्छा झाली. ‘मुलांनी वाचायलाच हवं’ म्हटलं की तो हुकूम होतो, आणि तो पाळला गेला नाही की रात्रीची झोप जाते. सुजाताताईंच्या बोलण्यातले ‘च’ मी वहीत टिपत होते. पण नुसते दाखवून ते सुटले नसते. त्या शिक्षिका आहेत, व्याकरणाची चर्चा त्यांनी तासभर केली असती.

माझं बालपण मुलुंडला गुजराती शेजारात गेलं, त्यामुळे ती लिपी मला वाचता येते. पुढच्या भेटीत मी त्यांच्यासमोर एक गुजराती वर्तमानपत्र ठेवलं.

“वाचून दाखवा. अक्षरं पुष्कळशी आपल्यासारखीच आहेत.”

त्या हसल्या, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागल्या. दुकानांच्या पाट्या बघून मुंबईकराला जितकी येते तितकी लिपी त्यांना येत होती. ‘ख’पाशी अडखळल्या. मी म्हटलं, “चूक. पुन्हा.” पुढे ‘ज’पाशी. “नाही. नीट बघा.” तिसऱ्यांदा मी काही बोलण्याआधीच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अडीच ओळी झाल्या होत्या. मी विचारलं, “बातमी कशाची आहे?”

त्यांना सांगता येईना. शब्द तर सगळे साधे होते, रोज कानावर पडणारे. पण सगळा जीव अक्षरं जुळवण्यात आणि माझा चेहरा वाचण्यात गेला होता. अर्थाला काही उरलंच नव्हतं.

त्यांनी पेपर घडी करून टेबलावर ठेवला. घडी अगदी काळजीपूर्वक घातली, कडेला कड जुळवून.

“आता नको,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पाणी मिळेल?”

मी पेला पुढे केला. तो त्यांनी हातातच धरला. पाणी मागून आपण नेमकं काय केलं, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं.

“आम्ही खानदेशातले,” त्या हळूच म्हणाल्या. “सातवीत ठाण्याला आलो. पहिल्याच आठवड्यात बाईंनी धडा वाचायला उभं केलं. मी ‘शाळा’ला ‘शाया’ म्हटलं. ‘केळी’ला ‘केयी’. वर्षभर पोरी मला ‘शाया’ म्हणून हाक मारायच्या. मी घरी आरशासमोर उभी राहून ‘ळ’ घोटला, ळ, ळ, ळ. म्हणून तर मराठीची शिक्षिका झाले.”

आणि मग, माझ्या कुठल्याही प्रश्नाशिवाय, “म्हणजे मी त्याला वाचवत होते, मॅडम. माझ्यासारखं होऊ नये म्हणून. आणि करत होते नेमकं तेच.”

त्या दिवशी मला जे स्पष्ट दिसलं त्याचा उपयोग नंतर अनेक शिक्षकांना झाला, याचं मला समाधान आहे. ज्याला आपण वाचनाचा कंटाळा म्हणतो, तो पुष्कळदा उघडं पडण्याचा धसका असतो. चाळीस जणांसमोर फजिती होण्यापेक्षा आळशी ठरणं मुलाला परवडतं. म्हणून तो पाणी प्यायला जातो. त्याला गोडी लावायला जाण्याआधी हा धसका काढावा लागतो.

त्यासाठी काय करायचं? ऐनवेळी नाव पुकारून मुलाला उभं करू नका. मोठ्यानं वाचायचंच असेल तर उतारा आदल्या दिवशी द्या, शेजारच्या मित्राबरोबर दोनदा वाचू द्या. रांगेनं वाचन चालतं तेव्हा मुलं आपल्या वाट्याची ओळ मोजत बसतात, धडा कोणीच ऐकत नाही. वाचताना मध्ये थांबवून सुधारायचं की नाही, याची कसोटी अर्थ हीच ठेवा. ‘पानी’ वाचणाऱ्याला पाणी कळलेलं असतं. ती त्याच्या आजीची भाषा आहे, चूक नव्हे. प्रमाणभाषा शिकवावीच, पण त्यासाठी वेगळा वेळ काढावा, तोही त्याच्या बोलीला कमी न लेखता.

शिक्षकांनी स्वतः रोज दहा मिनिटं वाचून दाखवावं, सहावी-सातवीलाही. ऐकणाऱ्या मुलाला अक्षरांशी झगडावं लागत नाही, तो थेट गोष्टीत शिरतो. उत्कंठा ताणली असेल तिथे थांबा आणि पुस्तक टेबलावर राहू द्या. त्यानंतर प्रश्नोत्तरं नकोत, सारांश नको, ‘यातून काय शिकलात’ तर नकोच. पुस्तक मुलांना निवडू द्या आणि आवडलं नाही तर अर्ध्यावर सोडू द्या. क्रिकेटचं असो, विनोदाचं असो, दुसरीच्या पातळीचं असो. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला सगळ्यांच्या हातात पुस्तक देऊन फोटो काढले जातात. त्याला माझी हरकत नाही, पण मुलाचं वाचन १६ तारखेला ठरतं. पालकांनी एखाद्या शनिवारी मुलाला ग्रंथालयात न्यावं. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. तिथे त्याच्या मागे मागे न फिरता त्याला कपाटांसमोर मोकळं सोडावं.

एक मात्र लक्षात ठेवा. हे सगळं करूनही अक्षरं जुळतच नसतील, ओळ सुटत असेल, तोंडी हुशार मूल कागदावर सतत मागे पडत असेल, तर नजर, कान आणि अध्ययन अक्षमता यांची तपासणी करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती सोय आहे. अशा मुलासाठी प्रेरणेची भाषणं कामाची नाहीत.

सुजाताताईंना त्यांचा ‘च’ सोडायला दोन महिने लागले. “वाचलं तर मला आवडेल, नाही वाचलं तर मी वाईट शिक्षिका ठरत नाही,” हे वाक्य त्या लोकलमध्ये, ठाणे ते ऐरोली, मनात म्हणायच्या. दिवाळीनंतर झोप बरीच सुधारली होती. जानेवारीतल्या शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा पर्समधून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. ठाणे खाडीत आलेल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांबद्दलचं. वर्गात त्यांनी ते अर्धंच वाचून दाखवलं होतं आणि टेबलावर ठेवून दिलं होतं.

मधल्या सुट्टीत तो मुलगा टेबलापाशी उभा राहिला. कात्रण हातात घेतलं. वाचत राहिला, बोट ओळीखाली सरकवत. मग म्हणाला, “बाई, ह्यात चुकलंय.”

“कुठे?”

त्यानं ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. पक्षी पाहायला सकाळी लवकर जावे, अशा अर्थाचं काहीतरी होतं, पुढे खाडीच्या पाण्याबद्दल. तो ‘पानी’ वाचत गेला.

“सकालचं काय नसतं, बाई. पानी उतरलं पाह्यजे. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तवा ते खायला येतात.”

“मग आज ओहोटी किती वाजता?” सुजाताताईंनी विचारलं.

त्यानं बोटांवर तिथी मोजली. “आज एकादशी. दोन-सव्वादोनला.”