बालवर्गातील उमेदवारी: प्रशिक्षणार्थींच्या प्रश्नांना उत्तरे

पूर्वप्राथमिक शाळेत प्रत्यक्ष काम करत करत शिक्षिका किंवा शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्यांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही प्रश्न एकमेकांसारखे होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न: उमेदवारी सुरू करून मला तीन महिने झाले. मुलांची नाके पुसणे, ओले कपडे बदलणे, बूट चढवणे आणि खेळणी गोळा करणे एवढेच काम माझ्या वाट्याला येते. मला शिकवायला कधी मिळणार?

तुमच्या तक्रारीचे दोन भाग आहेत. त्यातला एक मला मान्य नाही आणि दुसरा पूर्णपणे मान्य आहे.

मान्य नसलेला भाग आधी सांगते. बूट चढवण्याचेच उदाहरण घ्या. अडीच वर्षांच्या मुलाच्या पायात तुम्ही दहा सेकंदांत बूट सरकवू शकता. तेच काम त्याच्यावर सोपवले, तर त्याला चार मिनिटे लागतील, आणि त्या चार मिनिटांत ते मूल डावा-उजवा बूट ताडून पाहते, बुटाची जीभ बाहेर ओढायला दोन बोटांची चिमट वापरते, टाच आत जात नाही म्हणून चिडते, पुन्हा प्रयत्न करते आणि ‘आत’, ‘बाहेर’, ‘घट्ट’, ‘उलटा’ हे शब्द अनुभवासकट ऐकते. अर्थात, ते शब्द त्या वेळी कोणी उच्चारले तरच ऐकते, आणि ते उच्चारणे हेच तुमचे शिकवणे आहे. टाच अडली की बुटाची मागची बाजू फक्त धरून ठेवायची आणि पाय त्याला ढकलू द्यायचा. दुसऱ्या आठवड्यात तेही करायचे नाही, नुसते जवळ बसायचे. डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी 1976 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांची रचना करताना मोठ्या माणसाची मदत कशी होते हे अभ्यासले, आणि अशा मदतीला इमारत बांधताना उभारतात त्या परांचीची उपमा दिली. परांची इमारतीचा भाग नसते, काम होईल तशी ती उतरवली जाते. बूट, नाक आणि ओले कपडे या गोष्टी दिवसातून अनेकदा, एका वेळी एकाच मुलासोबत घडतात. असा एकास एक वेळ वर्गशिक्षिकेलाही सहसा मिळत नाही.

आता मान्य असलेला भाग. उमेदवारी म्हणजे बिनपगारी किंवा कमी पगाराची मदतनीस नव्हे. तुमच्यासाठी नेमलेली मार्गदर्शिका असली पाहिजे, तुमचे काम पाहून तिने ठरावीक काळाने अभिप्राय दिला पाहिजे, अभ्यासासाठी कामाच्या वेळातला वेळ मिळाला पाहिजे, आणि चार-पाच मुलांचा छोटा गट घेण्याची संधी टप्प्याटप्प्याने वाढत गेली पाहिजे. तीन महिन्यांनंतरही यातले काहीच सुरू झाले नसेल, तर प्रशिक्षणाचा आराखडा समोर ठेवून मार्गदर्शिकेची वेळ मागा आणि जे ठरेल ते दोघींनी लिहून ठेवा. नुसते ‘मला शिकवायचे आहे’ म्हणू नका. ‘पुढच्या बुधवारी गोष्टीचा गट मी घेऊ का, आणि तुम्ही तो पाहाल का?’ असे विचारा, कारण नेमक्या मागणीला नाही म्हणणे अवघड असते.

प्रश्न: माझी निरीक्षण वही मार्गदर्शिकेने ‘मते लिहू नका’ असा शेरा मारून परत केली. मी तर रोज दोन पाने लिहिते. नेमके चुकते कुठे?

तुम्ही पाठवलेल्या नोंदींपैकी एक अशी आहे: ‘आज अ फार हट्टीपणा करत होता. त्याला वस्तू वाटून घेणे आवडत नाही.’ यातून मला अ विषयी काहीच कळत नाही. तुम्ही त्या दिवशी वैतागला होता, एवढे मात्र कळते. (माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत ‘मस्तीखोर’ हा शब्द जवळजवळ पानोपानी होता, म्हणून हे हक्काने सांगते.) तोच प्रसंग असा लिहून पाहा:

‘10.15. वाळूची जागा. अ, 3 वर्षे 4 महिने. लाल बादलीत छोट्या फावड्याने वाळू भरत होता. ब ने येऊन बादलीची कडी धरली. अ ने बादली छातीशी ओढली, “माझं झालं नाही” असे दोनदा म्हणाला, शिक्षिकेकडे पाहिले. ब बाजूची निळी बादली घेऊन बसला. साधारण मिनिटभराने अ ने स्वतःचे फावडे ब च्या बादलीत टाकले.’

आता ही नोंद पुन्हा वाचा. ज्याला ‘वाटून घेणे आवडत नाही’ अशा मुलाने हात न उगारता शब्दांत नकार दिला, मदतीसाठी मोठ्या माणसाकडे पाहिले आणि आपले काम झाल्यावर कोणी न सांगता फावडे देऊन टाकले. हट्टीपणा गेला कुठे? तो आधीही वाळूत नव्हता. वर्तन, शब्द, वेळ आणि जागा आधी लिहायची, अर्थ खाली वेगळ्या ओळीत लिहायचा, आणि तोही ‘असे असावे’ या भाषेत.

अर्थ लावताना हाताशी थोडे शास्त्र असले की बरे. मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्ये साधारण दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा मुक्त खेळ पाहून त्यांच्या सहभागाचे सहा प्रकार मांडले. काहीच न करता वावरणे, एकटे खेळणे, दुसऱ्यांचा खेळ पाहत राहणे, शेजारी बसून पण आपापले खेळणे, देवाणघेवाण करत खेळणे आणि ठरवून एकत्र खेळणे, असे ते प्रकार आहेत. वरच्या प्रसंगात दोघे शेजारी-शेजारी खेळण्याकडून देवाणघेवाणीकडे सरकताना दिसतात. मात्र ही यादी शिडीसारखी वापरू नका. पाच वर्षांचे मूल कोपऱ्यात एकटेच ठोकळ्यांचा पूल बांधत असेल, तर ते मागे पडलेले नसून कामात असते.

आणि दोन पाने कशासाठी? खिशात चिठ्ठ्या ठेवा, घटना घडताच वेळ आणि चार शब्द टिपा, मुले गेल्यावर त्यातली एक किंवा दोन नीट लिहा. लिहिण्यात गुंतून वर्गाकडे पाठ फिरवणे मुलांच्या सुरक्षिततेला परवडत नाही. नोंदीत पूर्ण नाव नको, आणि स्वतःच्या फोनवर छायाचित्र तर नकोच.

प्रश्न: माझ्या गटातली चार वर्षांची मुलगी वीसपर्यंत आकडे न चुकता म्हणते, पण ‘पाच मणी दे’ म्हटले की मूठभर मणी देते. मी शिकवण्यात कमी पडते आहे का?

नाही. तुम्हाला जे दिसले ते अगदी योग्य दिसले आहे. आकडे म्हणणे आणि मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि तिला सध्या पहिले येते. रॉचेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी 1978 मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली. त्यांपैकी तीन तुम्हाला रोज उपयोगी पडतील: आकड्यांचा क्रम न बदलणे, एका वस्तूला एकच आकडा देणे, आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या हे उमगणे. तुमच्या मुलीकडे पहिले पक्के आहे. दुसरे आहे की नाही, हे तिच्या बोटाकडे पाहून कळेल. बोट एका मण्यावर असताना तोंडातून ‘तीन, चार’ निघाले, किंवा दोन मण्यांवरून बोट एकाच आकड्यात घसरले, तर तिथे काम आहे. बोट बरोबर चालले, पण मोजून झाल्यावर ‘मग किती आहेत?’ विचारताच ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली, तर तिसरे तत्त्व अजून आलेले नाही.

यासाठी फळा नको, ज्याला काही कारण आहे असे मोजणे हवे. टेबलाशी चार मुले बसली आहेत, प्रत्येकाला एक ब्रश हवा, तर ब्रश आणायला तिला पाठवा. एक कमी पडला की चूक तुम्हाला दाखवावी लागत नाही, ज्याला ब्रश मिळाला नाही ते मूल ती लगेच दाखवते. सुरुवात दोन आणि तीन या संख्यांपासून करा. वीसचा मोह सोडा.

आणखी एक गोष्ट. प्रश्न विचारला की थांबा. प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करताना मेरी बड रो यांना असे आढळले, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि हा थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरे लांब होतात व न बोलणारी मुलेही बोलू लागतात. चार वर्षांच्या मुलाला याहूनही जास्त वेळ लागू शकतो. मनात पाच आकडे मोजून पाहा, ते पाच सेकंद किती मोठे वाटतात ते कळेल.

प्रश्न: एका आईने मला फाटकापाशी गाठून विचारले, ‘आमची मुलगी साडेतीन वर्षांची झाली, अजून अक्षरे का लिहून घेत नाही?’ मी गडबडले. प्रशिक्षणार्थीने काय उत्तर द्यावे?

प्रशिक्षणार्थीने शाळेच्या वतीने धोरण सांगू नये. ‘तुमचा प्रश्न मी वर्गशिक्षिकांना आजच सांगते, त्या तुमच्याशी बोलतील’ हे पुरेसे आणि प्रामाणिक उत्तर आहे, फक्त ते खरोखर त्याच दिवशी सांगितले पाहिजे.

त्यामागचे कारण मात्र तुम्हाला ठाऊक हवे. दीड वर्षाच्या आसपासचे मूल खडू मुठीत धरते आणि अख्खा हात खांद्यापासून हलवते, पुढे हालचाल कोपराकडे आणि मनगटाकडे येते, आणि फक्त बोटे हलवून तीन बोटांत पेन्सिल फिरवणे बहुतेकांना साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमते. त्याआधी ओळींवर अक्षरे गिरवायला लावली, की मूल पेन्सिल दाबून धरते आणि चुकीची पकड पक्की होण्याचा धोका वाढतो. माती मळणे, कागद फाडणे, चिमट्याने मणी उचलणे, उभ्या फलकावर रंगवणे ही लेखनाचीच तयारी आहे. त्या मुलीने मातीच्या लांब वळ्या कशा केल्या याची एखादी नोंद तुमच्या वहीत असेल, तर ती वर्गशिक्षिकांना द्या. तात्त्विक खुलाशापेक्षा आपल्या मुलीबद्दलची तेवढी एक ओळ आईला अधिक पटते.

प्रश्न: दोन वर्षांचा एक मुलगा इतरांना चावतो. चावा घेतला की त्या क्षणी काय करावे?

आधी ज्याला चावा बसला त्याच्याकडे जा. जागा साबण-पाण्याने धुवा, कातडी फुटली असेल तर प्रमुखांना लगेच सांगा, कारण वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो. चावणाऱ्याला त्याच्या उंचीवर बसून ‘चावायचे नाही, त्याला दुखते’ एवढेच सांगा. व्याख्यान नको, बळेच क्षमा मागायला लावणे नको. या वयात मागणी मोठी आणि शब्द थोडे असतात. मग कधी, कुठे, कोणाजवळ आणि त्याआधी काय घडले, हे आठवडाभर टिपा. पुष्कळदा जेवणाआधीची वेळ, अरुंद जागा किंवा एकच आवडते खेळणे असा काहीतरी धागा सापडतो, आणि मग मुलाऐवजी जागा किंवा वेळ बदलली तरी भागते. दुखावलेल्या मुलाच्या पालकांनी विचारले, तरी चावणाऱ्याचे नाव सांगायचे नाही.

प्रश्न: वर्गातल्या अनुभवी शिक्षिकेने एका मुलाला दंडाला धरून ओढत नेलेले मी पाहिले. त्यांच्याच हाताखाली मला शिकायचे आहे. मी बोलावे का?

होय, आणि आजच. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की ज्येष्ठ आणि उमेदवार हा भेद उरत नाही. पाहिले त्याने सांगणे ही त्याची जबाबदारी आहे. सहकाऱ्यांत कुजबुज करू नका, मुलाला खोदून विचारू नका, आणि त्या शिक्षिकेशी परस्पर वाद घालू नका. शाळेत बालसुरक्षेसाठी नेमलेली व्यक्ती असेल तिच्याकडे, नसेल तर प्रमुखांकडे जा. त्यांनी लक्ष घातले नाही, तर तुमच्या प्रशिक्षण संस्थेकडे आणि बालसंरक्षणाचे काम पाहणाऱ्या यंत्रणेकडे जाता येते.

कदाचित शिक्षिकेने मुलाला पडणाऱ्या कपाटापासून खेचले असेल, कदाचित नसेल. ते ठरवणे तुमचे काम नाही. तुमचे काम वाळूतल्या प्रसंगासारखेच आहे: तारीख, वेळ, जागा, कोणता हात, किती अंतर, कोणते शब्द ऐकू आले, मूल नंतर काय करत होते. ‘क्रूरपणे’ लिहू नका. ‘उजवा दंड धरून दारापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत नेले, मुलाचे पाय दोनदा घसरले’ असे लिहा, खाली सही करा, आणि तो कागद प्रमुखांच्या हाती देताना तो मिळाल्याची तारीख त्यांच्याकडून दुसऱ्या प्रतीवर घ्या.