बारा हजार कोणालाही देऊ नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) 612, दुचाकीचं कर्ज नाकारलं, आणि आता एक जण म्हणतोय, "पंधरा दिवसांत 750 पार, फी ₹12,000, निम्मी आगाऊ." त्याचं ऑफिस छान आहे, रिव्ह्यू चांगले आहेत, हे सगळं तू सविस्तर लिहिलंस. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुझ्या कर्जांच्या नोंदींमध्ये, काय आहे ते मात्र एका ओळीत उरकलंस: एक कार्ड 'सेटल्ड' दिसतंय, आणि एक छोटं कर्ज तुझं नाहीच. अरे, मुद्दा तोच आहे!

रिपोर्टमधली चूक फुकट दुरुस्त होते. खरी नोंद पैसे देऊनही पुसली जात नाही. मग हा माणूस तुला विकतोय तरी काय?

भारतात परवाना असलेल्या क्रेडिट माहिती कंपन्या चारच: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. नोंदी पाठवतात बँका आणि एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपन्या. कर्ज देणाऱ्याने मान्य केल्याशिवाय सिबिलसुद्धा त्यातला आकडा बदलत नाही. "आत आपला माणूस आहे" ही शुद्ध थाप. हा एजंट करतो एवढंच की तुझा ओटीपी घेऊन लॉगिन करतो आणि दिसेल त्या खात्यावर तक्रार ठोकतो. त्या खात्यांवर 'विवादित' असा शेरा येतो, आणि काम सुरू झालं म्हणून तो तुला स्क्रीनशॉट पाठवतो. बँकेने नोंद बरोबर असल्याचं कळवलं की शेरा जातो, नोंद राहते, फी गेलेली असते. तोवर लॉगिनमधला मोबाइल, ईमेल त्याने स्वतःचा टाकलेला असला तर तुझ्या नावावर नवं कर्ज निघालं तरी अलर्ट त्यालाच. आणि बनावट एनओसी (कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र) लावणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहा, कारण सही तुझ्या अर्जावर असते.

आता तुझं काम. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढ. स्कोअरचं पान उलट आणि खात्यांवर ये. प्रत्येक खात्याखाली 36 महिन्यांपर्यंतचे चौकोन असतात. 000 किंवा एसटीडी म्हणजे ठीक, 030 म्हणजे तीस दिवस उशीर, एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही.

'माझं नाही' म्हणतोस त्या कर्जापुढे कोणाचं नाव आहे? रिपोर्टमध्ये कर्ज देणाऱ्या ॲपचं नाव नसतं, मागच्या एनबीएफसीचं असतं. मोबाइल हप्त्यावर घेताना दुकानातल्या पोराने टॅबवर अंगठा घेतला, ते कर्ज असंच अनोळखी नावाने दिसतं. म्हणून आधी तारीख आणि रक्कम एसएमएसशी ताडून बघ. खरंच तुझं नसेल तर सिबिलच्या लॉगिनमध्ये डिस्प्यूट सेंटरमध्ये जा, तेवढंच खातं निवड, 'हे खातं माझं नाही' अशी तक्रार टाक आणि नंबर जपून ठेव. त्याच दिवशी एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही ईमेल कर. पॅन कोणी वापरल्याची शंका असेल तर सायबर तक्रारही कर. कर्ज देणाऱ्याला उत्तरासाठी 21 दिवस, एकूण मुदत 30 दिवस. त्यापुढे दर दिवसाला ₹100 भरपाई तुला मिळायला हवी. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथेही फी नाही.

कार्डाचं वेगळं. 'सेटल्ड' ही चूक नाही, तडजोड करून तू कमी भरलेस, तेच लिहिलंय. ते फुकटही पुसणार नाही आणि बारा हजारांतही नाही. बँकेला लेखी विचार की सोडून दिलेली रक्कम भरली तर नोंद 'क्लोज्ड' करणार का. होकार कागदावर आल्याशिवाय पैसे टाकू नकोस, भरलेस की नो ड्यूज सर्टिफिकेट घे. जुन्या उशिराचे चौकोन तरीही दिसत राहतील. त्यांना उपाय वेळेवर भरलेले पुढचे हप्ते, दुसरा नाही.

लोक मला म्हणतात, तुम्हाला प्रत्येक एजंट चोरच दिसतो. दिसतो, आणि त्याने माझं काही बिघडलेलं नाही. तरी मदत हवीच असेल, खाती जास्त असतील, पत्रं लिहायला जमत नसेल, तर जिल्ह्यातल्या अग्रणी बँकेचं आर्थिक साक्षरता केंद्र शोध, सल्ला मोफत मिळतो. खाजगी सल्लागार घेतलास तर तो ओटीपी मागणार नाही, स्कोअरचा आकडा कबूल करणार नाही, कोणती नोंद का बदलू शकते ते लिहून देईल आणि फी काम झाल्यावर घेईल. यातलं एक जरी चुकलं तरी उठून ये. "हप्ते थांबवा, आम्ही बँकेशी बोलतो" म्हणणारा तर दारातही नको, दर महिन्याला एक नवा वाईट चौकोन तोच तयार करतो.

त्याला ओटीपी आधीच दिला असशील तर आजच पासवर्ड बदल, नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तपास. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन कर, उद्यावर टाकू नकोस. सहा महिने नव्या कर्जाचा अर्ज नको, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते.

खात्यांची पानं मला पाठव, खाते क्रमांक झाकून. नुसत्या स्कोअरचा स्क्रीनशॉट नको, त्यावरून काही कळत नाही.