लाल देवळाचं काम हाती घेण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. पुण्याच्या लाल देवळाची, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगची (प्रार्थनास्थळाची), मोजमापं घेणार आहेस हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या कामांच्या यादीत रंग सगळ्यात वर आहे, तो आधी खाली ने. वर हवं पाणी. छपराचे सांधे, पन्हळी, विटांत रुजलेला पिंपळ हे सगळं भर पावसात उभं राहून बघ, उन्हाळ्यात काही कळत नाही. ही वास्तू 1867 मध्ये पुरी झाली, बांधकाम चुन्यातलं. विटांमधल्या फटी सिमेंटनं भरल्या की भिंतीतल्या ओलीची वाट बंद होते आणि ती विटेतूनच फुटून निघते. आधी लोणा, मग पापुद्रे. कंत्राटदार तरी सिमेंटच सुचवेल, कारण त्याला घाई असते. ऐकू नकोस.

रंगाचं म्हणशील, तर काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू बघून ये. 1884 चं सिनेगॉग. त्याचा फिरोजी निळा मुंबईकरांच्या डोळ्यांत बसला होता. वास्तुसंवर्धक आभा लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन 2019 मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा तो निळा गेलेला होता. कित्येकांना चुकल्यासारखं वाटलं (मलाही, थोडंसं). पण रंग थर खरवडून ठरवायचा असतो, सवयीवरून नव्हे.

आता माणसं. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी लाल देऊळ उभारलं, त्यांची कबरही आवारातच आहे. स्वातंत्र्यानंतर बगदादी ज्यू इंग्लंड-इस्राएलकडे पांगले. आज महाराष्ट्रात उरलेले ज्यू मुख्यतः बेने इस्राएल, ते तुझ्याशी मराठीतच बोलतील. सामूहिक प्रार्थनेला 10 पुरुष लागतात आणि एवढ्या लहान समाजात तेवढे जमवणंही सोपं नाही. म्हणून पंखा, दिवा, पायऱ्या कुठे हव्यात ते आधी त्यांना विचार. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना तेव्यावर (प्रार्थना म्हणायच्या उंच चौथऱ्यावर) चढायला कठडा हवा असेल, तर दे. तुझं रेखाटन बिघडलं तरी चालेल. येणारी माणसं असली की गळती त्याच आठवड्यात कळते. कुलूप असलं की छत खाली आल्यावर.

कपाटात हिब्रू अक्षरांचे फाटके कागद सापडले, तर रद्दीत टाकू नकोस. देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, पुरतात. शुक्रवारी दुपारीच शिडी-टेप आवर, त्या संध्याकाळपासून शनिवारपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. आणि फोटोंची परवानगी विश्वस्तांकडून लेखी घे, दारावर तपासणी कडक असते.

तुझा,
काका