दुसरी विमानकंपनी आली, तरी भाडे पुन्हा का चढले?

वाचकांचे प्रश्न : छोट्या मार्गांवरची विमानस्पर्धा

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न पाच-सहाशे किलोमीटरच्या आतल्या देशांतर्गत मार्गांविषयी आहेत. अशा मार्गांवर ५० ते ८० आसनांची विमाने चालतात आणि दिवसाचे प्रवासी काही शेकड्यांत मोजता येतात. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : एका मार्गावर एकच प्रादेशिक कंपनी होती. दुसरी आली तेव्हा भाडे खूप उतरले. वर्षाच्या आत एकीने फेऱ्या बंद केल्या आणि भाडे पूर्वीपेक्षाही वर गेले. स्पर्धा टिकत का नाही?

उत्तर : हिशेब मांडला की कारण दिसते. समजा विमान ७२ आसनांचे आहे आणि एका फेरीचा सगळा खर्च सरासरी दराची ५० तिकिटे विकली की निघतो. म्हणजे ६९ टक्के आसने भरली की कंपनी ना नफा ना तोटा या रेषेवर येते. जुनी कंपनी दिवसाला एका दिशेने ४ फेऱ्या करत होती, म्हणजे २८८ आसने, आणि प्रवासी होते २३०. भरणा, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, ८० टक्के; धंदा बरा.

आता नवी कंपनी ३ फेऱ्या घेऊन येते. एकूण आसने ५०४. भाडे तेच राहिले, तरी दोघींचा खर्च निघायला रोज ३५० प्रवासी हवेत, म्हणजे पूर्वीच्या दीडपट. पण भाडे तेच राहत नाही. ते २५ टक्के उतरले की त्याच खर्चासाठी ५० ऐवजी ६७ तिकिटे विकावी लागतात, म्हणजे भरणा ९३ टक्के हवा. दोघींना मिळून जवळजवळ ४७० प्रवासी लागतात. स्वस्ताईमुळे प्रवासी एक तृतीयांशाने वाढले असे धरले, तरी ते ३०७ होतात. उरलेल्या दीडशेहून अधिक आसनांचा तोटा कोणीतरी सोसत असते. ज्याची गंगाजळी आधी आटते, तो जातो.

मग भाडे इतके उतरवतात तरी कशाला? वेळापत्रक जाहीर झाले की विमानाचा भाडेपट्टा, वैमानिक, देखभाल आणि बरेचसे इंधन हा खर्च ठरून गेलेला असतो. त्यानंतर आणखी एक प्रवासी घेण्याचा खर्च अगदी किरकोळ. दार बंद झाले की रिकामे आसन वायाच जाते, ते गोदामात ठेवता येत नाही. म्हणून त्या किरकोळ खर्चाच्या वर मिळेल तो दर प्रत्येक फेरीपुरता परवडतो, आणि सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली की परवडत नाही.

शिवाय विमान हा चाके असलेला कारखाना आहे. मार्ग तोट्यात गेला, तर दुसऱ्या आठवड्यात ते दुसरीकडे उडवता येते. म्हणून माघार झटपट होते. राहिलेली कंपनी मधल्या काळातला तोटा भरून काढू पाहते आणि तेव्हा तिला अडवायला कोणी नसते.

प्रश्न : दोन्ही कंपन्यांची विमाने सकाळी दहा मिनिटांच्या अंतराने सुटतात, मग दुपारपर्यंत एकही नाही. वेळा वाटून घेतल्या तर दोघींचाही फायदा नाही का?

उत्तर : प्रवाशांची सोय होईल, कंपनीची होणार नाही. छोट्या मार्गावर जास्त पैसे मोजणारा प्रवासी म्हणजे सकाळी जाऊन काम उरकून रात्री घरी परतणारा. त्याला पहिली फेरी जाताना आणि शेवटची येताना हवी असते. ती वेळ प्रतिस्पर्ध्याला सोडणे म्हणजे मार्गावरची साय त्याच्या पानात वाढणे. दुपारच्या फेरीला भाड्याकडे बघून येणारे प्रवासी असतात.

यात फेऱ्यांचे गणितही आहे. दोन कंपन्यांपैकी जिच्या फेऱ्या जास्त, तिला फेऱ्यांच्या प्रमाणापेक्षाही अधिक प्रवासी मिळतात, असा या धंद्यातला जुना अनुभव आहे. कारण प्रवासी आधी जिच्याकडे सोयीची वेळ सापडण्याची शक्यता जास्त, तिच्याकडे बघतो, आणि बैठक लवकर संपली तर आधीच्या विमानाने परतता येईल हाही विचार करतो. म्हणून १५० आसनांच्या एका फेरीपेक्षा ७२ आसनांच्या दोन फेऱ्या पुष्कळदा चांगल्या ठरतात, प्रति आसन खर्च थोडा वाढला तरी.

आता विमानाच्या दिवसाकडे पाहा. ३५० किलोमीटरच्या मार्गावर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानाला दारापासून दारापर्यंत साधारण ७० मिनिटे लागतात आणि दोन उड्डाणांमध्ये २५ मिनिटे थांबा असतो. ८ उड्डाणांना मिळून सव्वाबारा तास लागतात. १० बसवायची तर साडेपंधरा तास होतात आणि हात हलवायला जागा उरत नाही. उड्डाणे सम संख्येत ठेवावी लागतात, नाहीतर विमान रात्री परगावी मुक्कामाला राहते आणि देखभालीची माणसे तळावर बसून राहतात.

विलंबाचे मूळही इथेच आहे. प्रवासी उतरवणे, सफाई, सामान, इंधन हे सगळे किमान २० मिनिटांचे काम आहे असे धरा. थांबा २५ मिनिटांचा असेल, तर प्रत्येक थांब्यात ५ मिनिटेच भरून निघतात. सकाळी धुक्यामुळे ४० मिनिटे उशीर झाला, तर तो पुसायला ८ थांबे लागतील आणि ८ उड्डाणांच्या दिवसात थांबे फक्त ७ असतात. थांबा ३० मिनिटांचा ठेवला, तर चार थांब्यांत गाडी रुळावर येते, पण एखादी फेरी सोडावी लागू शकते. भाडेयुद्धात सापडलेली कंपनी सहसा हीच ५ मिनिटे कापते. तिच्या संध्याकाळच्या फेऱ्या का रखडतात, याचे उत्तर बरेचदा इतके साधे असते.

मोठ्या शहराच्या टोकाला आणखी एक अडचण असते. गजबजलेल्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, वाटून दिलेल्या असतात. हंगामात ८० टक्के वापरल्या, तर पुढच्या वर्षी त्या वेळेवर हक्क राहतो, हा सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय नियम. त्यामुळे सकाळच्या वेळा जुन्यांच्या हाती राहतात आणि नव्या कंपनीला अकराचा किंवा तीनचा स्लॉट मिळतो. मग वरचे सगळे गणित तिच्यासाठी उलटे फिरते.

प्रश्न : एका कंपनीकडे जेट आहे, दुसरीकडे पंख्याचे विमान. जेटवाली जिंकणार ना?

उत्तर : अंतरावर अवलंबून आहे, आणि पाचशे किलोमीटरच्या आत बहुधा नाही. एटीआर ७२-६०० हे पंख्याचे विमान ताशी साधारण ५१० किलोमीटर वेगाने जाते, डॅश ८-क्यू४०० सुमारे ६६० ने, तर प्रादेशिक जेट ८०० च्या आसपास. कागदावर ३५० किलोमीटरला एटीआरला ४१ मिनिटे आणि जेटला २६. पण टॅक्सी (विमानाचे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणे-येणे), चढण आणि उतरण यांतच बराच वेळ जातो. इतक्या अंतरात जेटला आपल्या उंचीवर स्थिरावायलाही सवड मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फरक दहा मिनिटांच्या आसपास उरतो. ९०० किलोमीटरला मात्र तो अर्ध्या तासाच्या वर जातो आणि पारडे फिरते.

इंधनाचा फरक मोठा आहे. ७० आसनांचे एटीआर तासाला सुमारे ७०० किलो इंधन जाळते. ५० आसनांचे सीआरजे-२०० जेट हजार किलोच्या वर. दर आसनामागे जवळजवळ दुप्पट! इंधन स्वस्त असते तोवर हे झाकून राहते.

पंख्याच्या विमानाच्या मर्यादाही खऱ्या आहेत. एटीआर २५ हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे ढगांवरून जाण्याऐवजी त्यांतून किंवा वळसा घालून जावे लागते. भर उन्हात, उंचावरच्या आखूड धावपट्टीवर हवा विरळ होते. मग वजन कमी करण्यासाठी काही आसने रिकामी ठेवतात किंवा सामान मागे राहते. तिकीट ७२ विकून ६४ च नेता येत असतील, तर पहिल्या प्रश्नातला हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

जाता जाता : एटीआरमध्ये प्रवाशांचे दार मागे असते आणि सामानाचा कप्पा पुढे. पंखे पुढच्या रांगांच्या बाजूला येतात. शांतता आणि लवकर उतरणे दोन्ही हवे असेल, तर मागची रांग घ्या.

प्रश्न : मोठी कंपनी मुद्दाम भाडे पाडून लहान कंपनीला संपवत असेल, तर कायदा काही करत नाही का?

उत्तर : करतो, पण सिद्ध करणे अवघड आणि निकाल येईपर्यंत लहान कंपनी बहुधा उरलेली नसते. अमेरिकेत दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : दर खर्चाच्या खाली होता, आणि स्पर्धक गेल्यावर तोटा वसूल करण्याची वाजवी शक्यता होती. 'खर्च' म्हणजे कोणता, इथेच खटले अडतात. रिकाम्या आसनाचा किरकोळ खर्च धरला, तर जवळजवळ कुठलाच दर खर्चाखाली ठरत नाही. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळाच्या मार्गांवरून अमेरिकन एअरलाइन्सवर सरकारने १९९९ मध्ये खटला भरला. कंपनीने लहान स्पर्धकांसमोर फेऱ्या वाढवून दर उतरवले, असा आरोप होता. २००१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि २००३ मध्ये अपिलातही तेच झाले.

जर्मनीने वेगळी वाट धरली. २००१ च्या अखेरीस जर्मेनिया ही लहान कंपनी फ्रँकफर्ट-बर्लिन मार्गावर ९९ युरोला उडू लागली. लुफ्तान्सा या मोठ्या कंपनीने आपला दर जवळपास तिथेच आणला. तिच्याकडे फेऱ्या जास्त, जेवणखाण आणि नियमित प्रवाशांना मैलांची बक्षिसेही होती, म्हणजे बरोबरीच्या दरात माल भारी. स्पर्धा कार्यालयाने २००२ मध्ये आदेश दिला की लुफ्तान्साचा दर निदान ३५ युरोने जास्त हवा. न्यायालयाने हे अंतर थोडे कमी केले, पण सोयीलाही किंमत असते हे तत्त्व राहिले. आमच्या मते हाच शहाणपणाचा मापदंड आहे.

मात्र लहान कंपनी दरवेळी बिचारीच असते असे नाही. टेक्सासमध्ये १९७३ मध्ये साउथवेस्टकडे मोजकी विमाने होती आणि डॅलस-ह्यूस्टन हाच तिचा कमावता मार्ग. ब्रॅनिफ या मोठ्या कंपनीने नेमक्या त्याच मार्गावर दर निम्मा, १३ डॉलर केला. साउथवेस्टने प्रवाशांना दोन पर्याय दिले : १३ डॉलर द्या, किंवा पूर्ण २६ द्या आणि मद्याची बाटली घरी न्या. पैसे कचेरीचे आणि बाटली स्वतःची, त्यामुळे बहुतेकांनी २६ दिले. कंपनीचे पहिले नफ्याचे वर्ष तेच.

अमेरिकेच्या हवाई बेटांत उलट घडले. हवाईयन आणि अलोहा या दोन जुन्या कंपन्यांसमोर २००६ च्या जूनमध्ये मेसा या प्रादेशिक कंपनीने 'गो!' नावाने सेवा सुरू केली, ३९ डॉलरच्या दराने आणि ५० आसनांच्या सीआरजे-२०० जेटने. संभाव्य गुंतवणूकदार म्हणून हवाईयनची गोपनीय माहिती मिळवून ती वापरल्याबद्दल २००७ मध्ये न्यायालयाने मेसाला ८ कोटी डॉलरची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याने अलोहा वाचली नाही. इंधन भडकले आणि ३१ मार्च २००८ रोजी तिची प्रवासी सेवा बंद पडली. भाडी चढली. 'गो!' स्वतः २०१४ मध्ये थांबली.

प्रश्न : दोन्ही कंपन्यांचे भाडे शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे असते. हे संगनमत नव्हे का?

उत्तर : नुसत्या सारखेपणावरून तसे म्हणता येत नाही. भाडी सार्वजनिक असतात, संगणक ती सतत वाचतो आणि समोरच्याशी जुळवतो. संगनमत तेव्हा, जेव्हा दरातून निरोप दिले जातात. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९२ मध्ये नेमका हाच आरोप आठ कंपन्यांवर आणि त्यांचे दर प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेवर ठेवला. पुढच्या तारखेपासून लागू होणारी दरवाढ जाहीर करायची, दुसरा तसे करतो का ते पाहायचे, नाहीतर मागे घ्यायची, अशी ती रीत होती. १९९४ पर्यंत तडजोड होऊन ती बंद करण्यात आली.

प्रश्न : प्रवासी इतके कमी की एकच कंपनी तग धरेल, अशा मार्गावर काय करावे?

उत्तर : मार्गावर स्पर्धा शक्य नसेल, तर मार्गासाठी ठेवावी, म्हणजे निविदा काढाव्यात. युरोपात सार्वजनिक सेवेचे बंधन घालून एका कंपनीला ४ वर्षांपर्यंत, अतिदूरच्या प्रदेशांत ५ वर्षांपर्यंत एकाधिकार देता येतो. भारताच्या उडान योजनेत निवडलेल्या कंपनीला ठरावीक काळ अनुदान आणि एकाधिकार मिळतो. अनुदान सरले की बऱ्याच मार्गांवरची सेवा बंद पडते. तेव्हा निविदेत भाड्याच्या मर्यादेइतकेच रद्द फेऱ्यांवरचा दंड आणि राखीव विमानाची अट पाहावी. तीन विमानांच्या कंपनीचे एक मोठ्या देखभालीला गेले आणि दुसऱ्याचा सुटा भाग अडला, तर अर्ध्याहून अधिक वेळापत्रक कोसळते.

प्रश्न : अशा मार्गावर तिकीट काढताना काय पाहावे?

उत्तर : आधी विमान कोणाचे ते पाहा. दोन कंपन्यांच्या नावाने दिसणारी फेरी कोडशेअरमुळे (एकाच विमानाची तिकिटे दोघी आपापल्या नावाने विकतात) एकच असू शकते. 'प्रत्यक्ष उड्डाण अमुक कंपनीचे' अशी बारीक ओळ असते, सामानाचे नियमही तिथेच तपासा.

चार जणांचे तिकीट हवे असेल, तर आधी एकाच्या नावे शोधून पाहा. स्वस्त दराची तीनच आसने उरली असतील, तर यंत्रणा चौघांनाही वरचा दर लावते. तीन आणि एक अशी दोन तिकिटे काढली, तर फरक वाचतो. मात्र फेरी रद्द झाल्यास दोन्ही तिकिटांचे बदल वेगवेगळे करून घ्यावे लागतात.

पुढचे विमान पकडायचे असेल, तर शक्यतो एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणे घ्या. वेगळी तिकिटे असतील, तर पहिली फेरी उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. अशा वेळी दिवसाची पहिली फेरी निवडा. आणि त्याच दिवशी पोचणे अत्यावश्यक असेल, तर शेवटची फेरी स्वस्त असली तरी टाळा. ती रद्द झाली, तर पर्याय दुसऱ्या सकाळचाच असतो.