बालाघाटच्या डोंगरात कच्च्या रस्त्यांनी बाईकवर फिरायचं तर बेत कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून दोघं निघणार, दोन्ही बाईक ट्यूबवाल्या, चार दिवस हातात, पाटोदा ते अंबाजोगाई शक्यतो डांबर टाळून जायचं, आणि महिना जुलै. बाकी सगळं जमेल, जुलै तेवढा खोडा.

मी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचा. आमच्याकडे रस्ता कसा आहे हे विचारून उपयोग नसतो, माती कुठली आहे ते विचारायचं. बालाघाट म्हणजे बेसाल्टचं पठार. माथ्यावर, उतारावर दगड झिजून मुरूम उरलाय, आणि सखल भागात वाहून आलेली काळी माती साठलीय, कुठं कुठं पुरुषभर खोल. मुरमाड बरडावर पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत गाडी चालते. काळं रान मात्र पाणी पिऊन फुगतं आणि टायरला असं धरतं की चाक आणि मडगार्डमधली फट भरून चाकच फिरायचं बंद होतं. धारूरच्या बाजूला एका जुलैत माझं पुढचं चाक असंच जाम झालं. दोन तास काडीनं चिखल कोरत बसलो होतो. शेवटी एका शेतकऱ्यानं खुरपं आणून दिलं आणि वर ऐकवलं, "आम्ही ह्या दिवसांत बैलगाडी बी घालत नाही हिकडं." तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला: "रानात वाफसा आलाय का?", म्हणजे माती चिकटायची थांबेल इतपत सुकलीय का. आला असेल तर पुढं जायचं, नसेल तर गुमान डांबर धरायचं.

म्हणून दिवाळीनंतर या, जानेवारी संपेपर्यंत कधीही. लवकर आलात तर बालाघाटची सीताफळं मिळतील, उशिरा आलात तर ज्वारीचा हुरडा. एकच अडचण आहे. दसऱ्यानंतर या डोंगरातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. वाड्या-तांड्यांवर म्हातारीकोतारी आणि लेकरं. त्यामुळे गावातला पंक्चरवाला जागेवर सापडेलच असं धरून चालू नका. रस्ता विचारायचा तर पारावरच्या आजोबांना विचारा, त्यांना गाडीवाटा तोंडपाठ असतात. फक्त त्यांचं "हे काय इथंच" म्हणजे सहा किलोमीटरही असू शकतं.

वाट अशी धरा. पुणे–अहिल्यानगर–जामखेड, दोनशेच्या आसपास किलोमीटर, सगळं डांबर, पहिला दिवस त्यातच जाईल. जामखेडच्या पुढं सौताडा, तिथं विंचरणा नदी दरीत कोसळते आणि खाली रामेश्वराचं मंदिर आहे. धबधब्याला नोव्हेंबरात फारसं पाणी नसेल, पण दरी बघण्यासारखी आहे. मग पाटोदा. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते. पाटोद्याहून मांजरसुंब्याकडे जाताना नायगावचं मयूर अभयारण्य लागतं. तिथं रस्ता सोडून गाडी आत घालायची नाही, वनविभागवाले सोडत नाहीत आणि सोडूही नये. मांजरसुंब्याजवळ कपिलधार. कार्तिकी पौर्णिमेला तिथं संत मन्मथस्वामींची यात्रा असते, तेव्हा तो रस्ता टाळा. पुढं केज, धारूरचा किल्ला, अंबाजोगाई. हा कणा झाला. कच्चं सगळं याच्या डाव्या-उजव्या बाजूला आहे.

ते शोधायची माझी युक्ती सांगतो. उपग्रहाच्या चित्रात डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या शोधा. त्यांची पाती वर न्यायला रुंद मुरमाचे रस्ते केलेत, चढ असला तरी आखीव, आणि वरून दोन्हीकडची खोरी दिसतात. वॉचमन असेल तर आधी विचारा, बहुतेक जण चहा पाजूनच सोडतात. चित्रात जमीन करडी-काळी दिसली तर काळं रान, पांढुरकी-तांबूस दिसली तर मुरूम. अवकाळी पाऊस आलाच तर ही ओळख कामाला येते.

कच्च्यातून दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर धरा, जास्त नाही. आणि दिवस मावळायच्या आत डांबरावर. बिबट्याचं भय घालत नाही. पण बांधाला लागून बिनकठड्याच्या विहिरी असतात, आणि रानडुकरांसाठी लावलेल्या विजेच्या झटक्याच्या तारा अंधारात दिसत नाहीत. डांबरावरही रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं लाल दिवा नसलेल्या.

पेट्रोलची काळजी नको, तालुक्याच्या गावी भरत चला. काळजी बाभळीच्या काट्याची. पुढच्या चाकाच्या दोन ट्यूब घ्या. पुढची एकवीस इंची ट्यूब अडीअडचणीला मागच्या अठरा इंची चाकात दाबून बसवता येते, उलटं होत नाही. टायर उतरवायच्या पट्ट्या आणि पंप घ्या, आणि घरी एकदा स्वतः चाक काढून बघा, नाहीतर सामान नुसतं ओझं. दगड-मुरमावर हवा थोडी कमी करा, पण डांबरावर येताच परत भरा.

परतीचा दिवस मात्र पूर्ण डांबराचा ठेवा. तोवर हात इतके भरून आलेले असतात की क्लच दाबताना कुलदैवत आठवतं.